पाच-पाचची पानं

इस्पिकचा राजा, राणी, दश्शी, नव्वी, पंजी. बदामची एकटी छक्की. चौकटचा राजा, गुलाम, दश्शी, अठ्ठी, चौकी. किलवरची सत्ती आणि तिर्री. उजवीकडच्या खेळाडूने ‘एक बदाम’ने बोली सुरू केली आहे. ते व्हल्नरेबल, आपण नाही. पाळी आपली.

दादरच्या एका क्लबात पेअर्सच्या संध्याकाळी दक्षिणेच्या खुर्चीतल्या गृहस्थांना ही पानं आली. त्यांनी बिडिंग बॉक्समधून ‘दोन बदाम’चं कार्ड काढलं आणि टेबलावर ठेवलं. पानं लावून झाल्यापासून कार्ड ठेवेपर्यंत त्यांच्या बसण्यात, नजरेत, बोटांच्या गतीत तसूभर फरक पडला नाही. मागे खुर्ची टाकून बघत बसलेल्या मला त्या एका बोलीने जो आनंद दिला, तो उलगडून सांगावासा वाटतो. ब्रिजमध्ये खेळीचं कौतुक पुष्कळ होतं. कुणी फिनेस साधला, कुणी स्क्वीझ केला, की ती गोष्ट चहाच्या टेबलापर्यंत जाते. समोरच्यांनी बोली सुरू केल्यावर मध्ये पडणाऱ्या ओव्हरकॉलच्या वाट्याला मात्र ‘धाडस केलं’ एवढे दोनच शब्द येतात. मला त्यात धाडस कमी आणि वाचन जास्त दिसतं.

ब्रिज न खेळणाऱ्या वाचकासाठी थोडं सांगायला हवं. इथे ‘दोन बदाम’ म्हणजे आम्ही बदाम हुकूम करतो, असं नाही. शत्रूने जो रंग बोलला तोच एक पायरी वर बोलून भिडूला निरोप धाडला आहे: माझ्याकडे इस्पिकची पाच पानं आहेत, आणि किलवर किंवा चौकट यांपैकी एका रंगाचीही पाच. अमेरिकेतल्या माइक मायकेल्स यांच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. आपल्या क्लबांत नुसतं ‘मायकेल्स’ म्हटलं तरी पुरतं. उरलेल्या तीन पानांत बाकीचे दोन रंग आटोपलेले असतात, हेही त्या निरोपात आपोआप आलं.

बावन्न पानांतून तेरा पानांचे ६३,५०१ कोटींहून जास्त वेगवेगळे संच निघू शकतात. त्यांत सर्वांत जास्त वेळा येतो तो चार-चार-तीन-दोनचा आकार, २१ टक्क्यांहून थोडा अधिक. दोन रंग बरोबर पाच-पाच पानांचे, असा संच ४ टक्क्यांच्या आसपास. क्लबातल्या संध्याकाळी साधारण चोवीस बोर्ड खेळले जातात, म्हणजे सरासरीने अशी पानं प्रत्येकाला एका संध्याकाळी एकदाच दिसायची. त्या एका वेळी काय करायचं याचा विचार आधी करून ठेवलेला नसेल, तर टेबलावर तो करायला वेळ नसतो.

या शहरातल्या मराठी खेळाडूला आकाराची ताकद पुस्तकातून शिकावी लागत नाही. गिरगावच्या चाळीत किंवा लालबाग-परळच्या खोल्यांबाहेरच्या सामायिक गॅलरीत, गणपतीच्या जागरणाला, मे महिन्याच्या दुपारी ज्याने मेंढीकोट खेळलेला आहे, त्याला ती ठाऊक असते. मेंढीकोटच्या एका प्रकारात हुकूम आधी ठरलेलाच नसतो. चाललेल्या रंगाचं पान पहिल्यांदा ज्याच्याकडे नसतं, तो जे पान टाकेल त्याचा रंग हुकूम. ज्याच्याकडे काही नाही तोच त्या डावाचा राजा ठरवतो, हे आठव्या-नवव्या वर्षी एकदा कळलं की जन्मभर विसरत नाही. दुसरी गोष्ट दश्शीची. मेंढीकोटात दश्शी म्हणजे मेंढी, सगळा डाव तिच्यासाठी. ब्रिजच्या हिशेबात दश्शीला शून्य. पण दक्षिणेच्या त्या पानांत इस्पिकची दश्शी-नव्वी आणि चौकटची दश्शी-अठ्ठी आहे, आणि बघता क्षणी माझी नजर तिथे गेली. राजा-राणीच्या खालची ही मधली पानं रंगाला कणा देतात. एखादा हुकूम वाकडा पडला, तीन-एक वाटला गेला, तरी असा रंग कोसळत नाही.

आता पॉइंट. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. चार्ल्स गोरेन यांनी जगभर पोहोचवलेली ही मोजणी आज सगळे वापरतात. तिच्याने दक्षिणेचे होतात नऊ. बोली सुरू करायलासुद्धा साधारणपणे बारा लागतात. समोरच्याने ताकद दाखवली असताना नऊ पॉइंटवर दोनच्या पायरीला उडी घ्यायची, याला काही आधार हवा. तो आधार दिसावा म्हणून याच आकाराची दुसरी पानं शेजारी मांडतो. इस्पिकचा गुलाम, अठ्ठी, छक्की, चौकी, दुर्री. बदामचा एकटा राजा. चौकटचा गुलाम, नव्वी, पंजी, तिर्री, दुर्री. किलवरचे राजा-गुलाम. इथेही पॉइंट नऊ. इथेही पाच-एक-पाच-दोन. गोरेन यांनी आखूड रंगांसाठीही पॉइंट दिले, एकट्या पानाचे दोन, दोन पानांच्या रंगाचा एक. ते धरून ढोबळ बेरीज दोन्हीकडे बाराच येते.

आणि तरीही पहिल्या पानांवर बोललंच पाहिजे आणि दुसऱ्या पानांवर बोलता कामा नये, असं माझं ठाम मत आहे.

पहिल्या संचातला प्रत्येक पॉइंट लांब रंगात आहे. इस्पिकचे राजा-राणी इस्पिकच्याच चिल्लर पानांना वर आणतील, चौकटचे राजा-गुलाम चौकटीच्या पानांना. आखूड रंगांत छक्की, सत्ती, तिर्री. तिथे वाया जाण्यासारखं काही नाही. दुसऱ्या संचात नवांपैकी सात पॉइंट आखूड रंगांत अडकले आहेत. एकट्या बदाम राजाला एक्का आला की पडायचंच आहे. लांब रंगांना बिचाऱ्या एकेका गुलामाचा आधार. १९३० च्या दशकापासून चालत आलेली गमावल्या जाणाऱ्या हातांची मोजणी लावली, म्हणजे प्रत्येक रंगात एक्का-राजा-राणीपैकी काय नाही ते रंगाच्या लांबीपुरतं मोजलं, तर पहिल्या संचात सहा हात जातात, दुसऱ्यात आठ. पॉइंटांची बेरीज जिथे आंधळी झाली, तिथे ही मोजणी चक्क दोन हातांचा फरक दाखवते.

पण दुसऱ्या संचाबद्दल मला अधिक महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. त्या पानांत बचावाची ताकद आहे. बदाम हुकूम झाले आणि पूर्वेने एक्क्यामागची राणी लावून पाहिली, तर तो एकटा राजा एक हात घेऊन जाईल. किलवरचे राजा-गुलामही कुठे ना कुठे आडवे येतील. म्हणजे समोरच्यांचे चार बदाम कदाचित होणारच नव्हते. आपण मध्ये पडलो, भिडूने विश्वासाने चार इस्पिक केले, डबल झालं, दोन-तीन हातांनी बुडालो, आणि नंतर पत्ते उघडल्यावर कळलं की गप्प बसलो असतो तर आपल्यालाच शंभर मिळत होते. फुकटचा बळी तो हाच. शिवाय आपली पाच-पाच पानं शत्रूनेही ऐकलेली असतात. उद्या तो बदाम खेळायला बसला, की एखादी हरवलेली राणी कुणाकडे असेल याचा अंदाज त्याला आपणच आयता दिलेला असतो.

यात गमावणं-कमावणं कसं मोजतात, ते पाहिल्याशिवाय त्या बोलीची गोडी पुरती कळणार नाही. १९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट यांनी पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवरच्या प्रवासात ब्रिजची नवी गुणपद्धती मांडली, आणि तिच्यात व्हल्नरेबल असण्या-नसण्याचा फरक पक्का झाला. व्हल्नरेबल बाजूचे चार बदाम झाले की त्यांना ६२०. नसेल तर ४२०. आपण व्हल्नरेबल नसताना डबल होऊन एका हाताने बुडालो तर १००, दोन हातांनी ३००, तीनने ५००, चारने ८००. व्हल्नरेबल असताना तेच २००, ५००, ८००. त्या संध्याकाळी ते व्हल्नरेबल होते, आपण नव्हतो. म्हणजे तीन हातांनी बुडूनही आपण स्वस्तात सुटणार होतो, अर्थात त्यांचा गेम खरोखर होणार असेल तर. उलट परिस्थितीत, आपण व्हल्नरेबल आणि ते नाहीत असं असतं, तर दोन हातांनी बुडणंसुद्धा परवडलं नसतं: ५०० देऊन ४२० वाचवायचे! तेव्हा याच पहिल्या पानांवरही मी थोडा थांबून विचार केला असता.

डाव पुढे असा गेला. दक्षिणेच्या ‘दोन बदाम’वर पश्चिमेने सरळ ‘चार बदाम’ केले. नऊ पॉइंट, बदामची चार पानं, किलवरचे एक्का-राजा, योग्य बोली. आता उत्तरेची पाळी. तिथे शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई बसल्या होत्या. त्यांची पानं: इस्पिकचा एक्का, अठ्ठी, छक्की, तिर्री, बदामची अठ्ठी, सत्ती, चौकी, चौकटची राणी, नव्वी, तिर्री, किलवरची नव्वी, छक्की, दुर्री. एकूण पॉइंट सहा. आकार चार-तीन-तीन-तीन, ब्रिजमधला सर्वांत निरुत्साही आकार. आणि पायरी चारची.

बाईंनी ‘चार इस्पिक’ ठेवलं.

या डावातली माझ्या मते सर्वांत सुंदर बोली हीच. दक्षिणेची बोली चांगल्या पानांची होती. उत्तरेची बोली चांगल्या वाचनाची. सहा पॉइंट बघून नव्वद टक्के खेळाडू पास म्हणतील. बाईंनी पॉइंट किती आहेत हे न बघता ते कुठे आहेत हे बघितलं. इस्पिकचा एक्का भिडूच्या लांब रंगात. बदामात एकही चित्र नाही, म्हणजे भिडूच्या आखूड रंगात त्यांची काहीही ताकद वाया गेलेली नाही. शत्रूचे बदामातले एक्क्याखालचे सगळे पॉइंट आपल्याविरुद्ध निकामी. भिडूचा दुसरा रंग किलवर की चौकट, हे त्यांना माहीत नव्हतं, पण दोन्हीत त्यांच्याकडे तीन-तीन पानं होती. तो चौकट निघाला तर राणी सोन्याची. ज्या चार-तीन-तीन-तीन आकाराला आपण नाकं मुरडतो, तोच इथे दोन्ही शक्यतांना पुरून उरला. तबल्यावर साथीला बसलेला माणूस गायकाची जागा ओळखून ठेका किंचित भरतो, तशी ती बोली होती.

पूर्वेने डबल केलं. सोळा पॉइंट हातात असताना तो दुसरं काय करणार? पश्चिमेने किलवरचा एक्का उतरला, मग राजा, मग तिसरा किलवर. दक्षिणेने तो हुकमाने कापला, हुकमाच्या दोन फेऱ्यांत शत्रूची चारही इस्पिकं काढून घेतली आणि चौकट लावली. पूर्वेने चौकटच्या एक्क्याने हात घेतला, बदामचा एक्का वाजवला, आणि तिथे त्यांचे हात संपले. किलवर दोन, चौकट एक, बदाम एक. नऊ हात झाले, एकाने बुडाले, शंभर गेले.

समोरच्यांना चार बदाम खेळू दिले असते तर? इस्पिकचे दोन आणि चौकटचा एक, एवढेच हात त्यांनी गमावले असते. बरोबर दहा. ६२०. पेअर्समध्ये हीच पानं ट्रेमधून टेबलाटेबलावर फिरतात, आणि आपली तुलना समोर बसलेल्यांशी नसून आपल्याच दिशेला बसलेल्या इतर जोड्यांशी असते. बाकीच्या बहुतेक टेबलांवर दक्षिणेने नऊ पॉइंट मोजून पास केलं होतं. तिथे उत्तर-दक्षिणेच्या नावावर वजा ६२० लागले, इथे वजा १००. १९६७ मध्ये रमीचा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने रमीला कौशल्याचा खेळ ठरवताना तिच्यातल्या नशिबाची तुलना ब्रिजमधल्या वाटपाशी केली होती. फिरत्या बोर्डांच्या ब्रिजमध्ये तेवढंही नशीब उरत नाही. पानं सगळ्यांना तीच. त्यांच्याकडे बघणं वेगळं.

हुकमांच्या संख्येवरून हे सगळं आधीच सांगता आलं असतं का? फ्रान्सच्या जाँ-रने व्हेर्न यांनी एक नियम मांडला, आणि १९६९ मध्ये तो अमेरिकेतल्या ‘ब्रिज वर्ल्ड’ मासिकातून इंग्रजी वाचकांपुढे आला: दोन्ही बाजूंच्या आपापल्या सर्वांत लांब रंगांतल्या पानांची बेरीज करा, दोन्ही बाजूंना मिळून साधारण तेवढेच हात होतात. १९९२ मध्ये लॅरी कोहेन यांच्या पुस्तकाने तो घरोघर नेला. आपल्या डावात इस्पिक नऊ, बदाम नऊ, बेरीज अठरा. प्रत्यक्षात हात झाले नऊ आणि दहा, एकोणीस. जादा एक कुठून आला? दोन्ही बाजूंचा दुसरा रंगही जुळला होता: उत्तर-दक्षिणेकडे चौकटीची आठ पानं, पूर्व-पश्चिमेकडे किलवरची आठ. असा दुहेरी मेळ असला की बेरीज वर सरकते, हे खुद्द व्हेर्न यांनीही नोंदवलं होतं. पुढे २००४ मध्ये माइक लॉरेन्स आणि अँडर्स विर्ग्रेन यांनी या नियमाविरुद्ध अख्खं पुस्तक लिहिलं. नुसते हुकूम मोजू नका, आखूड रंग किती आखूड आहेत आणि कामाचे पॉइंट किती आहेत ते बघा, असा त्यांचा सांगावा. मला तो पटतो. बाईंनी नेमकं तेच बघितलं होतं.

आकाराच्या प्रेमात पडलेले लोक इयन फ्लेमिंगच्या ‘मूनरेकर’मधला डाव सांगतात. १९५५ ची ती कादंबरी. जेम्स बाँडकडे इस्पिक नाही, बदाम नाही. चौकटची आठ पानं राणीपासून खाली आणि किलवरची एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी, चौकी. पॉइंट आठ. ड्रॅक्सकडे एकतीस. बाँड सात किलवर बोलतो, ड्रॅक्स डबल करतो, बाँड रिडबल, आणि तेराच्या तेरा हात बाँडचे. वाचताना अंगावर काटा येतो, आणि आकारापुढे चित्रांची मिजास कशी उतरते हे त्याच्याइतकं ठसठशीत कुठे दिसत नाही. पण तिथे गड्डी आधीच लावलेली होती. चौघांची बावन्न पानं बाँडला ठाऊक होती. दादरच्या टेबलावर दक्षिणेला आपली तेराच ठाऊक होती आणि बाईंना त्यांची तेरा. उरलेलं त्यांनी एका कार्डावरून जोडलं. रसिकाला बाँडपेक्षा हे जास्त मोलाचं वाटायला हवं.

दक्षिणेच्या त्या शांत बोटांकडे परत येतो. चाळीतल्या मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं, खाकरणं, पान जोरात आपटणं हा खेळाचाच भाग असतो, आणि त्याची मजाही असते. ब्रिजमध्ये तो गुन्हा. बोलायचं की नाही यावर दहा सेकंद घुटमळून जर मी पास केलं, तर ‘याच्याकडे काहीतरी आहे’ हे भिडूला कळतं, आणि त्या कळण्याचा फायदा घ्यायला त्याला नियमाने बंदी आहे. उलट अशा वेळी त्याने एखादी रास्त बोली केली तरी तिच्यावर संशय येतो. म्हणजे घुटमळणाऱ्याने आपल्याच भिडूचे हात बांधले. म्हणून पाच-पाचची पानं आली तर कुठल्या पानांवर बोलायचं आणि कुठल्या पानांवर नाही, हे ट्रेनमध्ये, घरी, भिडूबरोबर बसून आधी ठरवायचं. २०१८ मध्ये जकार्ताला ब्रिज पहिल्यांदा आशियाई क्रीडास्पर्धेत आलं. तिथे पुरुष सांघिक कांस्य आणि २०२३ मध्ये हांग्चौला रौप्य मिळवणाऱ्या भारतीय संघांत मुंबईचे जग्गी शिवदासानी होते. त्या पातळीवर समोरचे कुणाला निवांत बोलू देत नाहीत. मध्ये पडणं हा तिथे रोजचा व्यवहार आहे, आणि तो सारख्याच गतीने करावा लागतो, मग बोली असो की पास.

राउंड संपल्यावर दक्षिणेचे गृहस्थ म्हणाले, “बाई, माझ्याकडे नऊच होते हो.”

“नऊ होते, पण जागेवर होते,” बाई म्हणाल्या. “आणि माझे सहासुद्धा.”

“समजा तुमचा इस्पिकचा एक्का नसता, आणि त्याऐवजी बदामचे राणी-गुलाम असते?”

“तर पास. चार बदामना डबलसुद्धा नाही.” मग त्यांनी स्कोअरशीटच्या मागे पेन्सिलीने ती पानं लिहून दाखवली. बदामचे राणी-गुलाम त्यांच्या हातात असते तर इस्पिक खेळताना त्यांचा काडीचा उपयोग नव्हता, कारण तिथे भिडूकडे एकच बदाम. बचावात मात्र तिसऱ्या पानासह ते पूर्वेच्या एक्का-राजापुढे टिकले असते आणि एक हात मिळाला असता. इस्पिकचा एक्का गेल्यामुळे आपल्या बाजूचा एक हात कमी, बदामात त्यांचा एक हात कमी. दोन्ही काटे बचावाकडे झुकलेले.